चौकच्या आंटींचा विषय पाचवा

सोमवार, डिसेंबरचा पहिला आठवडा. सभेची वेळ सकाळी अकरा, सुरुवात अकरा वीसला. हजर: ट्रस्टचे अध्यक्ष, सोशल मीडियाचे सल्लागार, सकाळच्या पाळीची निवेदिका, चौक गावच्या आंटी, खास निमंत्रणावरून, आणि इतिवृत्त लिहायला मी, केंद्राची व्यवस्थापक. गैरहजर: श्रोते. हे शेवटचं तेव्हा इतिवृत्तात नव्हतं, आता घालतेय.

आमचं रेडिओ केंद्र म्हणजे भाईंदर पश्चिमेला ट्रस्टच्या इमारतीत तिसऱ्या मजल्यावरच्या दोन खोल्या आणि गच्चीवर एक अँटेना. आवाज जातो दहा-बारा किलोमीटर. एका बाजूला उत्तन आणि चौकच्या किनाऱ्यापर्यंत, दुसऱ्या बाजूला हवा चांगली असली तर वरसाव्याच्या पुलापर्यंत, त्यापुढे खरखर. सामुदायिक रेडिओचा परवाना तेवढ्यासाठीच मिळतो. इथल्या माणसांनी इथल्या माणसांशी बोलावं, एवढंच त्यात अपेक्षित आहे. पहिली काही वर्षं आम्ही ते निमूटपणे केलं. मग सल्लागार आले आणि आम्ही जगभर पोचलो.

सल्लागारांचे मिरा रोडला डिजिटल मार्केटिंगचे क्लास आहेत. वय चाळीस, दाढी कोरलेली, बोलणं मराठीत सुरू होऊन हिंदीत वळतं आणि इंग्रजीत संपतं. अध्यक्षांना ते कुठल्याशा साखरपुड्यात भेटले. आठवडाभरात केंद्राचं फेसबुक पान निघालं, पंधरवड्यात इन्स्टाग्राम, महिन्याभरात श्रोत्यांचा व्हॉट्सअॅप गट. मिक्सरमधून एक वायर गच्चीवरच्या ट्रान्समीटरकडे जायची, आता दुसरी कॉम्प्युटरकडे जाऊ लागली. रेडिओवर जे चाललंय ते फेसबुकवर थेट दिसायला लागलं. रेडिओ दिसायला कशाला हवा, असं मी विचारलं होतं. सल्लागार म्हणाले, "मॅडम, जो दिखता नहीं, तो आजकल होताच नाही."

परिणाम सर्वात आधी निवेदिकेवर झाला. ही बाई पूर्वी सकाळी पावणेसहाला केसांना क्लिप लावून, स्वेटर चढवून यायची आणि फार छान बोलायची. आता ती लिपस्टिक लावून गोल दिव्यासमोर बसू लागली. तिचा पाककृतींचा कार्यक्रम आहे. कॅमेऱ्याकडे चमचा धरून ती म्हणायची, "हे बघा, इतकं मीठ. आणि मग असं. असंच. झालं की असं काढायचं." रेडिओवर ऐकणाऱ्या बाईला मीठ नेमकं किती घालायचं ते आजतागायत कळलेलं नाही. पण कुवेतहून एकाने हृदय पाठवलं. टोरांटोहून एका बाईने लिहिलं, "गावची आठवण झाली." अध्यक्षांनी ते वाक्य मोठ्या अक्षरांत छापून माझ्या टेबलामागे लावलं. गावात काय ऐकू येतं, हे विचारायला आता कुणाला सवड नव्हती.

मीही धुतल्या तांदळाची नाही, तेही इथेच लिहून टाकते. श्रोत्यांचा व्हॉट्सअॅप गट मी सांभाळायचे. त्यावर रोज सकाळी गुलाब, गणपती, येशू, सूर्योदय आणि "लाइट गेलेत का?" असे एवढे निरोप यायचे, की खरा निरोप त्यात सापडायचा नाही. मला पसारा सहन होत नाही. एका दुपारी मी सेटिंग बदललं, यापुढे फक्त अॅडमिन लिहू शकेल. गट एका क्षणात शांत झाला. मला इतकं बरं वाटलं, की यादीतल्या त्या कामापुढे मी दोनदा टिक केली.

दुसरी सुधारणाही माझीच. रोजच्या नोंदवहीत दोन रकाने होते, एक "गच्चीवर जाऊन ट्रान्समीटर पाहिला" आणि दुसरा "फेसबुक प्रक्षेपण पाहिलं". आवाज एकच, मग दोनदा कशाला तपासायचा? मी दोन रकान्यांचा एक केला, "प्रक्षेपण पाहिलं". खुर्चीत बसून होतं, जिना वाचतो.

आता आंटींबद्दल. आंटी चौकच्या, कॅथलिक, साठीला आलेल्या. घर समुद्राच्या अंगाला, नवरा नाही, दीर बोटीवर. केंद्र सुरू झालं तेव्हापासून रोज सकाळी सहाला त्या घरून फोन करायच्या आणि पंधरा मिनिटं बोलायच्या. निवेदिका तो फोन सरळ हवेवर सोडायची. वारा कुठला, आभाळ कसं, मच्छीमार सोसायटीच्या फळ्यावर काय इशारा लागलाय, दिराचा त्यावर काय अंदाज, कुणाच्या जाळ्याचा तरंगता गोळा वाहत आलाय, कुणाकडे मयत आहे आणि माती किती वाजता, कुणाची बकरी सुटलीय. सगळं त्यांच्या गावच्या बोलीत. या दिवसांत किनाऱ्यावर बोंबील सुकवायचं काम असतं. बांबू रोवून, आडव्या दोऱ्या बांधून वलांडी करतात आणि बायका त्यावर एकेक बोंबील जबड्याला जबडा अडकवून लावतात. त्या दिवशी मासे वर चढवायचे की गोळा करून झाकायचे, हे आंटींच्या पंधरा मिनिटांवर ठरायचं. रेडिओ खिळ्याला टांगलेला. आंटींचा स्वतःचा मात्र तेवढा वेळ बंद असायचा, कारण फोनवर बोलताना शेजारी रेडिओ चालू असला की आवाज घुमतो. तसा नियम मीच त्यांना घालून दिला होता.

नोव्हेंबरच्या शेवटी सल्लागारांनी फेसबुकवर मतदान घेतलं. "कोणता कार्यक्रम बंद करून तिथे पॉडकास्ट सुरू करावा?" चार पर्याय, खाली आगीची चित्रं. आंटींचा कार्यक्रम दणक्यात पहिला आला. मत देणाऱ्यांपैकी एकजण दोह्याला असतो. आमचे सहा वाजतात तेव्हा त्याचे साडेतीन वाजलेले असतात. त्याने कार्यक्रम ऐकला असण्याची शक्यता मी मनात तपासली आणि गप्प बसले, कारण अध्यक्ष म्हणाले होते, "हा लोकांचा कौल आहे."

शनिवारी आंटींचा मला फोन आला.

"बाय, मना तुमच्याशी बोलायचं हाय. रेडिओचं."

"आंटी, सोमवारच्या सभेत तुमचा विषय आहेच. तेव्हा सगळेच असतील, तिथे सविस्तर बोला."

"तवर?"

"तवर मी लिहून ठेवते," मी म्हटलं, आणि खरंच लिहिलं: आंटी, रेडिओचं.

सोमवारी त्या साडेदहालाच येऊन बसल्या. मांडीवर कापडी पिशवी, पायात रबरी चप्पल, चेहरा बंद. अध्यक्षांनी नमस्कार केला, सल्लागारांनी "हॅलो आंटी, लुकिंग फ्रेश" केलं. विषयपत्रिका मी सर्वांना वाटली. एक, मागील इतिवृत्त. दोन, फेसबुक. तीन, इन्स्टाग्राम. चार, अध्यक्षांच्या वाढदिवसाची रील. पाच, चौकचा कार्यक्रम.

पहिल्या विषयालाच आंटी म्हणाल्या, "बाय, मी आदी बोलू काय?"

"आंटी, तुमचा पाचवा आहे," मी म्हटलं.

दुसऱ्या विषयात सल्लागारांनी भिंतीवर आलेख लावला. रेघ वर चाललेली. अध्यक्ष म्हणाले, "आठवडाभर काय सुंदर चढलीय." आंटींनी हात वर केला. मी पेनाने पाचवर बोट ठेवून दाखवलं. त्यांनी हात खाली घेतला. मला वाटलं, समजूतदार बाई आहे.

चौथा विषय सर्वात लांबला. वाढदिवसाची रील तीनदा पाहिली गेली. केक कापताना अध्यक्षांचं पोट जास्त दिसतंय का, यावर मतं मागवण्यात आली. निवेदिका म्हणाली, "नाही सर, तुम्ही भारदस्त दिसताय." सल्लागार म्हणाले, "सर, फिल्टर मारतो." मी इतिवृत्तात लिहिलं: चर्चा झाली.

मग पाचवा.

"आंटी, पर्सनल घेऊ नका हं," सल्लागारांनी सुरुवात केली. "मी नाय बोलत, डेटा बोलतोय."

"कोन बोलतोय?"

"म्हणजे आकडे. हे बघा, तुमच्या प्रोग्रामला एंगेजमेंटच नाहीये. लाइक नाय, शेअर नाय, कमेंट नाय. सकाळी सहाला कोण ऐकतं? आणि वारा-बिरा सगळं अॅपवर येतं आता."

"माजी मानसं सकाली हात माशांत घालून बसतात," आंटी म्हणाल्या. "लाइक कंच्या बोटानं देनार? नाकानं?"

निवेदिकेला हसू आलं, तिने ते खोकल्यात घातलं.

अध्यक्ष मऊपणे म्हणाले, "आंटी, तुमच्या सेवेबद्दल आम्हाला आदरच आहे. शाल-श्रीफळ देऊन छोटासा कार्यक्रम करू. लाइव्ह करू. पण वेळेबरोबर काही गोष्टी बंद कराव्या लागतात."

"बंद काय करताय? ते बंदच हाय. मंगलवारपासून."

"काय बंद आहे?"

"रेडिओ. तुमचा पुरा रेडिओ. लावला का नुसता सूं वाजतोय. शनिवारी बायला सांगायला फोन केला, ती बोलली सोमवारी सांगा."

सगळ्यांनी माझ्याकडे पाहिलं. मी नोंदवही उघडली. मंगळवार ते रविवार, प्रत्येक दिवसापुढे "प्रक्षेपण पाहिलं", टिक आणि माझी सही. मी ती वही अध्यक्षांपुढे सरकवली. अजूनही मला वाटत होतं, की वही बरोबर असणार.

"आंटी, हे बघा ना, चालूच आहे," सल्लागारांनी मोबाइल पुढे केला. फेसबुकवर आमचं केंद्र खणखणीत वाजत होतं. बोरिवलीचं कुणीतरी "नाइस साँग" लिहून गेलं होतं.

"ह्यो फोन हाय. मी रेडिओचं बोलतंय. रेडिओ लावा."

तेव्हा शोधाशोध सुरू झाली, आणि अशी गोष्ट उघडकीस आली जी इतिवृत्तात कशी लिहावी हे मला अजून सुचलेलं नाही. रेडिओ केंद्रात रेडिओ नव्हता. कपाटात एक जुना होता, तो मागच्या स्थापनादिनाच्या सजावटीत वापरला होता, त्याचं पोट कापून त्यात दिव्यांची माळ बसवलेली. अध्यक्षांच्या घरी नाही, निवेदिकेकडे नाही, माझ्याकडेही नाही. शेवटी सल्लागार म्हणाले, "गाडीत आहे ना माझ्या, एफएम."

पाचही जण जिना उतरून खाली पार्किंगमध्ये गेलो. सल्लागारांनी गाडी चालू केली, पडद्यावर बोट ठेवलं आणि विचारलं, "आपला नंबर काय आहे?"

अध्यक्षांनी निवेदिकेकडे पाहिलं. निवेदिका तो नंबर दिवसातून दहा वेळा बोलते, पण त्यासाठी तिला माइक लागतो. तो मी लेटरहेडवरून वाचला. सल्लागारांनी लावला. सूं. त्यांनी आवाज वाढवला. मोठा सूं. एक पॉइंट पुढे मुंबईचं एक व्यापारी केंद्र टूथपेस्टची जाहिरात करत होतं. मागे आणलं, पुन्हा सूं.

"आयकलं?" आंटी म्हणाल्या. "सहा दिस झाले, ह्योच प्रोग्राम चालू हाय. ह्याला किती लाइक?"

सल्लागारांनी गाडी बंद केली.

पुढचं आंटींनी तिथेच, पार्किंगमधल्या स्कूटरांच्या मधे उभं राहून सांगितलं. मतदानाची बातमी गावातल्या एका पोरीने मोबाइलवर वाचून घरोघर सांगितली होती, आंटींचा कार्यक्रम बंद करणार म्हणून. मंगळवारी सकाळी सहाला रेडिओ मुका झाला, तेव्हा शेजारणींना वाटलं, झालं, बंद केला. आंटींना वाईट वाटेल म्हणून कुणी विषय काढला नाही. आंटी मात्र रोज सहाला फोन करत होत्या, आपला रेडिओ बंद ठेवून, नियमाप्रमाणे. मग दिवसभर त्या वलांडीवर, तिथे त्यांच्याकडे रेडिओ नाही. त्यांना वाटत होतं, आपण अख्ख्या किनाऱ्याशी बोलतोय.

शुक्रवारी पहाटे फळ्यावर अवकाळी पावसाचा इशारा होता. दीर म्हणाला, दुपारपर्यंत येईल. आंटींनी ते पंधरा मिनिटांत तीनदा सांगितलं: वलांडी उतरवा, सुका माल झाका. मग फोन ठेवून त्यांनी आपली वलांडी उतरवली. ती गावाच्या टोकाला, क्रुसाच्या पलीकडे आहे, लांबून दिसत नाही. रेडिओवर सांगितल्यावर पुन्हा दारोदार कशाला ओरडायचं?

दुपारी पाऊस आला. गावचा सगळा बोंबील वलांडीवर भिजला, दोन दिवसांत त्याला वास सुटला. आंटींचा तेवढा घरात कोरडा.

"आता तितं काय बोलतात माहीत हाय?" आंटी म्हणाल्या. "बोलतात, रेडिओ गेला तर गेला, तोंड तं होतं? हिनं सोताचा उतरवला न् आमाला सांगलं न्हाय. माजी सखी जाव बोलली हे. मी बोलले, मी सांगलं, तीन वेला सांगलं. ती बोलली, कुनाला?"

कुनाला, हा प्रश्न चांगला होता. त्या शुक्रवारचा फेसबुकचा आकडा मी नंतर काढला. सकाळी सहाच्या पंधरा मिनिटांत तीन जण होते. त्यांतला एक दोह्याचा आणि एक मी, रकाना भरण्यासाठी. तिसऱ्याने अंगठा दिला होता. म्हणजे पावसाचा इशारा मी स्वतः ऐकला होता, खुर्चीत बसून, आवाज येतोय ना एवढं बघून.

दुपारी वरसाव्याहून टेक्निशियन आला. गच्चीवर अँटेनाच्या वायरीचा जोड खाऱ्या हवेने हिरवा पडून गळाला होता, आणि ट्रान्समीटरने स्वतःला वाचवण्यासाठी स्वतःच बंद करून घेतलं होतं. तांबडा दिवा लागला होता, बिचारा सहा दिवस. टेक्निशियनने जोड बदलला, खाली सल्लागारांच्या गाडीत आवाज आला. काम वीस मिनिटांचं. "रोज वर येऊन बघत नाय का कोणी?" त्याने विचारलं. मी म्हटलं, पद्धत आहे.

सल्लागारांनी जोड बदलतानाची रील केली. मागे संगीत, वर अक्षरं: वी आर बॅक.

आंटी हे सगळं बघायला वर आल्या नाहीत. पार्किंगमध्येच अध्यक्ष त्यांना म्हणाले, "आंटी, कार्यक्रम चालू राहणार. माझा शब्द." सल्लागार म्हणाले, "आंटी, आपण तुमचीच स्टोरी करू. इमोशनल. व्हायरल होईल." आंटींनी त्यांच्याकडे पाहिलंही नाही. त्या माझ्याशी बोलल्या.

"प्रोग्राम र्‍हाऊ द्या नायतर जाऊ द्या. पन तुमच्यातला कोनीतरी चौकला या. वलांडीवर बायका असतात तितं उभं र्‍हा न् तोंडानं सांगा, बाईनं सांगलं होतं, आमचा रेडिओ बंद होता, चूक आमची. मी सांगून उपेग न्हाय. तवर मी फोन करनार न्हाय."

"मी येते आंटी," मी म्हटलं. "या आठवड्यातच."

"लिहून ठेवा, मॅडम," त्या म्हणाल्या. इतकी वर्षं त्या मला बाय म्हणत होत्या.

मी लिहून ठेवलं. चौकला जाऊन बायकांना सांगणे. जबाबदारी: मी.

त्याच संध्याकाळी अध्यक्षांच्या सांगण्यावरून फेसबुकवर माफीची पोस्ट गेली. "तांत्रिक अडचणीमुळे झालेल्या गैरसोयीबद्दल दिलगीर आहोत." खाली हात जोडल्याची चित्रं. ज्यांची गैरसोय झाली ते फेसबुकवर नव्हते, जे होते त्यांची झाली नव्हती, त्यामुळे तक्रार कुणाचीच आली नाही. हृदयं मात्र भरपूर आली. टोरांटोच्या बाईने लिहिलं, "किती प्रामाणिक!" पुढच्या सोमवारी अध्यक्ष म्हणाले, "चला, तो विषय मिटला," आणि मला इतिवृत्तात तसं लिहायला सांगितलं. मी लिहिलं. व्हॉट्सअॅप गट मी पुन्हा खुला केला. पहिल्या दिवशी एकोणीस गुलाब आले, चौकहून एकही निरोप नाही. नोंदवहीचे दोन रकाने पुन्हा वेगळे केले आणि रोज जिना चढू लागले. एक रेडिओ मागवला. ही सगळी कामं झाली, कारण ती इमारतीत बसून होतात.

सकाळी सहाला फोन वाजत नाही. निवेदिका त्या पंधरा मिनिटांत गाणी लावते. पॉडकास्टवाल्यांना ती वेळ फार लवकर वाटली.

दुसऱ्या रविवारी मी चौकची बस धरली. मिसा सुटायच्या वेळेला पोचले. लोक चर्चमधून बाहेर पडत होते, पुढे किनाऱ्यावर चार-पाच बायका कामालाही लागल्या होत्या, जबड्याला जबडा अडकवत, भराभर. एका खिळ्याला रेडिओ टांगलेला होता, बंद. मी वाक्य पाठ केलं होतं. बाईंनी सांगितलं होतं, आमचा रेडिओ बंद होता, चूक आमची. तीन तुकडे, सोपे. एकीने मान वर करून विचारलं, "काय पायजे? बोंबील?"

मी म्हटलं, "नाही, नाही, बघतेय फक्त." मग काहीतरी करायला हवं म्हणून मोबाइल काढून वलांडीचा फोटो घेतला. तिने मान खाली घातली. क्रुसाच्या पलीकडे आंटींची वलांडी दिसत होती, तिथे त्या एकट्याच मासे लावत होत्या. बाकीच्या बायका एकमेकींना हात देत होत्या. मी परतीची रिक्षा केली.

फोटो चांगला आला होता. तो सल्लागारांनी पानावर टाकला, "आपला किनारा, आपला अभिमान." त्याला आमच्या पानावरचे सर्वाधिक लाइक मिळाले.

आज सोमवार आहे. नवी यादी केली. गच्चीचा तांबडा-हिरवा दिवा पाहिला, टिक. रेडिओ लावून ऐकला, टिक. इन्स्टाग्रामचा अहवाल, टिक. चौथं काम तिसऱ्यांदा उतरवून काढलंय: चौकला जाऊन बायकांना तोंडाने सांगणे, मी. पुढची चौकट रिकामी.